उद्याची धास्ती आणि आजचे कायक

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



या महिन्याच्या पाठासाठी आयदक्की लक्कम्मा आणि आयदक्की मारय्या या शरण दांपत्याच्या चरित्रातील एक प्रसंग घेतला आहे. प्रसंग अगदी लहान आहे. वेचून आणलेले तांदूळ एके दिवशी नेहमीपेक्षा थोडे जास्त भरले, एवढेच त्यात घडते. परंतु माणसाचे मन कोठे डळमळते आणि ते पुन्हा कसे स्थिर करावे, याचा सगळा बोध त्या ओंजळभर तांदळात सामावलेला आहे.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातला मागवाला विचारतो, सूत महागले, मागणी घटली, पुढच्या वर्षी माग चालेल काय? हैदराबादेत कंत्राटावर काम करणारा मुलगा विचारतो, मुदत संपल्यावर मला पुन्हा घेतील काय? मलप्रभेकाठचा शेतकरी आभाळाकडे पाहून तेच विचारतो. 2019 च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, अनेकांची घरे पडली. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली. बाजार बंद, शाळा बंद, मठातील दासोहाच्या पंगतीही बंद. तो काळ सरला, पण मनाला एक सवय लावून गेला. 'उद्या' हा शब्द उच्चारताच छातीत धस्स होते, ती ही सवय.

या धास्तीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक बाहेरची : पाऊस, बाजारभाव, आजार, सरकारी हुकूम. यांवर आपला ताबा नाही. दुसरी आतली : 'मला हे झेपेल काय? मी यास लायक आहे काय?' हिलाच आपण आत्मशंका म्हणू. बाहेरची अनिश्चितता बाराव्या शतकातही होती, आजही आहे. शरणांनी तिच्याशी भांडण मांडले नाही. त्यांनी आतल्या शंकेवर बोट ठेवले. प्रस्तुत प्रसंग त्याचाच आहे.

प्रसंग

मारय्या आणि लक्कम्मा हे मूळचे आजच्या रायचूर जिल्ह्यातील, लिंगसुगूर तालुक्यातल्या अमरेश्वरचे. बसवण्णांची कीर्ती ऐकून ते कल्याणला, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणला, येऊन राहिले. कन्नडमध्ये 'अक्की' म्हणजे तांदूळ, आणि 'आयदक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. अंगणात, वाटेवर सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. आणलेल्या तांदळाचा लक्कम्मा स्वयंपाक करीत, इष्टलिंगाला नैवेद्य दाखवीत, जंगमांना जेवू घालीत आणि उरलेला प्रसाद दोघे ग्रहण करीत. रोज वेचायचे आणि रोज अर्पण करायचे, असा त्यांचा नेम होता.

एके दिवशी मारय्यांच्या पदरात नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आले. बसवण्णांनीच परीक्षेसाठी जास्त सांडून ठेवले होते, असे परंपरा सांगते. लक्कम्मांनी तांदूळ पाहिले आणि त्या थबकल्या. या प्रसंगावरील वचनात त्यांनी मारय्यांना प्रश्न केला आहे. एका मनाची मर्यादा सोडून दोन मनांनी आणलेले हे तांदूळ आहेत. मग ही इच्छा तुमच्या मनाची, की बसवण्णांच्या चित्तातल्या संशयाची, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. असला नैवेद्य आपल्या अमरेश्वरलिंगाला चालणार नाही, तेव्हा हे तांदूळ जेथून आणले तेथेच परत टाकून या, असे त्यांनी पतीला सुचविले. मारय्यांनी तसे केले.

लक्कम्मांची उपलब्ध वचने पंचवीसच्या आसपास आहेत. 'मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग' ही त्यांची मुद्रिका. संख्येने थोडी असली तरी शरण साहित्यात या वचनांचा मान मोठा आहे. 'शून्यसंपादने' या ग्रंथात, जेथे अल्लमप्रभूंचे शरणांशी झालेले संवाद गुंफले आहेत, तेथे या दांपत्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

विवरण : एक मन आणि दुसरे मन

आता प्रश्न असा की मारय्यांची चूक ती कोणती? तांदूळ चोरलेले नव्हते. जमिनीवर सांडलेले होते. कोणी हरकत घेतली नसती. उलट एखादी व्यवहारी गृहिणी म्हणाली असती, 'बरे झाले, उद्याची सोय झाली.' लक्कम्मांनी तांदूळ मोजले नाहीत. तांदळामागचे मन पाहिले.

त्यांच्या वचनात एकमन आणि दोनमन अशी शब्दांची जोडी आली आहे, ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. रोज आवश्यक तेवढे वेचणारे हात एका मनाने चालत होते. 'आज मिळते आहे, लिंगार्पण होते आहे, उद्या उद्याचे कायक करू,' हे ते पहिले मन. त्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरे मन येऊन बसले. ते म्हणाले, 'उद्या मिळाले नाही तर? उद्या माझ्याने वेचणे झाले नाही तर?' मूठभर जास्तीचे तांदूळ त्या दुसऱ्या मनाने उचलले. म्हणजे ते तांदूळ भुकेचे नव्हते, संशयाचे होते. लक्कम्मांनी तोच संशय चुलीवर चढू दिला नाही.

आपल्या आयुष्यातही असेच होते. एखादा तरुण मुलाखतीला बसतो. एक मन प्रश्नाचे उत्तर देत असते. दुसरे मन बाजूला बसून म्हणत असते, 'चुकले बघ. हे तुला निवडणार नाहीत. मागच्या वेळीही असेच झाले.' उत्तर देण्यास जेवढे बळ हवे त्याचे निम्मे त्या दुसऱ्या मनाची बडबड ऐकण्यात खर्च होते. उत्तर अडखळते. मग दुसरे मन म्हणते, 'पाहिलेस? मी सांगत नव्हतो?' संशय असा स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करतो.

म्हणून शरणमार्गात मनोबल वाढविणे याचा अर्थ कोठून तरी नवे बळ आणणे असा नाही. बळ आपल्यापाशी आहेच. त्याचा जो वाटा दुसऱ्या मनाकडे गेला आहे, तो परत घ्यावयाचा आहे. दोन मनांचे एक मन व्हावे, हीच खरी साधना. लक्कम्मांचा उपाय पाहा. त्यांनी मारय्यांना धीर दिला नाही, की 'काळजी करू नका, उद्याही मिळेल' असे आश्वासन दिले नाही. उद्याची हमी कोण देणार? त्यांनी एक कृती सांगितली : जास्तीचे तेवढे परत टाकून या. हातांनी ती कृती केली आणि मन एक झाले. संशयाशी वाद घालून तो जात नाही. वाद जितका लांबेल तितका त्याला दाणापाणी मिळतो. शुद्ध कृतीपुढे मात्र तो टिकत नाही.

आत्मपरीक्षण आणि आत्मशंका

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बसवण्णा तर स्वतःला सर्वांत लहान म्हणवतात, आपल्या चंचल मनाची तक्रार कूडलसंगमदेवापुढे मांडतात. मग तीही आत्मशंकाच नव्हे काय?' असे कोणी विचारील.

नव्हे. आत्मपरीक्षणात माणूस आपला दोष पाहतो आणि कामाला लागतो. आत्मशंकेत तो आपला दोष पाहतो आणि काम सोडतो. बसवण्णांनी मनाची तक्रार केली, पण त्यासाठी दासोह थांबविला नाही, अनुभवमंटपाचे दार लावले नाही, की राजसेवेतील जबाबदारी टाकली नाही. आपल्या मंगळवेढ्याशी त्यांचा संबंध आहे. तेथे बिज्जळाच्या पदरी हिशेबनीस म्हणून त्यांनी कायक केले आणि पुढे कल्याणात भांडारी झाले. हिशेबनीस चूक शोधतो ती खाते बंद करण्यासाठी नव्हे, खाते बरोबर करण्यासाठी. बसवण्णांचे आत्मपरीक्षण या जातीचे होते.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. तेथे त्यांनी लोकांसाठी तलाव खोदविला, देवालये उभारली. अफाट काम. तेथे अल्लमप्रभू आले आणि त्यांनी सिद्धरामांना दगडमाती वाहणारा वड्डर म्हणून हाक मारली. शिष्य चिडले, सिद्धरामही संतापले. पण संताप ओसरल्यावर त्यांनी प्रभूंचे म्हणणे ऐकून घेतले. बाहेर तलाव बांधला, आतला बांध राहिला आहे, हे त्यांना उमगले. ते प्रभूंबरोबर कल्याणला गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंग दीक्षा घेतली. एवढ्या मोठ्या योग्याने वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांना गुरू मानले. पुढे शून्यसिंहासनावर अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर सिद्धरामच बसले.

एखाद्या दुबळ्या मनाने प्रभूंचे ते बोल ऐकून म्हटले असते, 'माझे सारे आयुष्य फुकट गेले.' सिद्धरामांनी तसे म्हटले नाही. तलाव बुजविला नाही. जे राहिले होते ते पुरे केले. ध्यानात घ्या, 'मी फार मोठा' हा अहंकार आणि 'मी अगदीच निकामी' ही आत्मशंका, या दोन्हींच्या मध्यभागी 'मी'च बसलेला असतो. नजर कायकावर आणि लिंगावर गेली की दोन्ही एकदमच ढिले पडतात.

श्रद्धेकडून निष्ठेकडे

षट्स्थल सिद्धांतात भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशी सहा स्थले सांगितली आहेत. प्रत्येक स्थलाची भक्ती निराळी. भक्तस्थलाची श्रद्धाभक्ती, महेशस्थलाची निष्ठाभक्ती. पुढे अवधान, अनुभव, आनंद आणि समरस.

पहिल्या दोहोंमधील भेद आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. श्रद्धा कोवळी असते. दिवस बरे असले की फुलते, वाईट आले की कोमेजते. धंदा चालू असताना लिंगपूजा नियमित होते, धंदा बसला की पूजा चुकते. खरे तर तेव्हाच तिची अधिक गरज असते. निष्ठा म्हणजे श्रद्धेला आलेला हाडांचा कणखरपणा. परिस्थिती पालटली तरी नेम पालटत नाही, ही निष्ठा. आणि ती व्याख्यान ऐकून येत नाही. रोज रोज तीच शुद्ध कृती केल्याने येते, जसे रोज ओझे उचलणाऱ्याचे खांदे आपोआप भरतात.

यामुळे साधकाने स्वतःला एक गोष्ट सांगावी. आज मनात संशय आला म्हणून मी भक्त नाही, असे नव्हे. श्रद्धेकडून निष्ठेकडे जाणाऱ्या वाटेवर संशय भेटतोच. त्याच्यापाशी मुक्काम करू नये, एवढेच.

लक्कम्मांनी ही दृष्टी दुसऱ्या एका प्रसंगीही दाखविली आहे. मारय्या एकदा प्रभूंबरोबरच्या अनुभावात, म्हणजे आध्यात्मिक संवादात, इतके रमले की वेचण्याची वेळ टळून चालली. लक्कम्मांनी येऊन कायक थांबल्याची आठवण करून दिली. ज्ञानाची चर्चासुद्धा कायकाची जागा घेऊ शकत नाही, हा त्यातला बोध. कायक हाच कैलास, हा घरोघर बोलला जाणारा सिद्धांत मारय्यांच्याच वचनात आला आहे. काळजीने ग्रासलेल्या माणसाला चर्चा फार आवडते. दहा जणांना विचारतो, वीस वेळा तेच बोलतो. त्यावर लक्कम्मांचे औषध एकच : उठा, वेचायची वेळ झाली.

कल्याणची कसोटी

'त्यांचे दिवस सुखाचे होते, म्हणून हे सुचले,' असे कोणी म्हणू नये. शरणांनी जो अनिश्चित काळ पाहिला त्यापुढे आपली अनिश्चितता थोडी आहे. हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलामुलीचा विवाह शरणांनी मान्य केला. एक चर्मकार कुळातला, दुसरा ब्राह्मण कुळातला. त्याबद्दल दोघा पित्यांना क्रूर देहदंड मिळाला. 1167-68 च्या सुमारास बिज्जळाचा वध झाला, कल्याणात दंगा उसळला आणि शरणांवर शस्त्र धरले गेले. बसवण्णा तत्पूर्वी कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कूडलसंगमाला, निघून गेले होते. चन्नबसवण्णांसह अनेक शरण पश्चिमेला उळवीच्या रानाकडे निघाले. घर गेले, गाव गेले, मंटप गेला, बसवण्णा लिंगैक्य झाले. उद्याचा दिवस दिसेल की नाही याचीही खात्री नाही.

अशा वेळी त्यांनी काय सांभाळले? वचनांचे गठ्ठे. सोनेनाणे टाकून माणसे ताडपत्रे घेऊन निघाली, अशी आठवण परंपरेने जपली आहे. 'आता हे वाचणार कोण? आपले कार्य तर बुडाले,' असे दुसऱ्या मनाचे बोल त्यांच्याही कानी पडले असतीलच. तरीही त्या दिवसाचे कायक एवढेच होते : गठ्ठा खांद्यावर घ्यायचा आणि पुढचे पाऊल टाकायचे.

ती ताडपत्रे पुढे शतकानुशतके मठांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून राहिली. विजापूरला वकिली करणारे फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी (1880-1964) यांनी गावोगाव फिरून ती गोळा केली, उतरवून घेतली, पाठ पडताळले. 1923 साली त्यांनी 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केला. छापखाना घालण्यासाठी राहते घर विकले. 1926 पासून 'शिवानुभव' हे नियतकालिक चालविले. वकिलीत पैसा मिळाला असता, तो वचनांकडे गेला. वाचक थोडे, पैसा थोडा, पुढे काय होईल याचा भरवसा नाही. आज आपण हा पाठ वाचू शकतो तो उळवीच्या वाटेवर गठ्ठा न टाकणाऱ्या शरणांमुळे आणि विजापूरच्या त्या गृहस्थामुळे. त्यांपैकी कोणालाही फळाची खात्री नव्हती. खात्री होती ती फक्त आजच्या कामाची.

शंका-समाधान

शंका पहिली. 'अय्या, मग संसारी माणसाने चार पैसे बाजूला ठेवूच नयेत काय? मुलांचे शिक्षण, म्हातारपण, दवाखाना, हे कसे व्हायचे?'

समाधान : अवश्य ठेवावेत. शेतकरी बियाणे राखतो तो संशयाने नव्हे, पुढच्या पेरणीचे कायक म्हणून. शांत मनाने हिशेब करून बाजूला काढलेला पैसा हा एका मनाचा पैसा. शेजाऱ्याने साठविले म्हणून घाबरून, दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून, किंवा कामगाराची मजुरी अडवून साठविलेला पैसा हा दोन मनांचा. परीक्षा सोपी आहे. त्या साठ्यातून दासोहासाठी हात सहज पुढे होतो काय? होत असेल तर तो साठा शुद्ध. हात आखडत असेल तर लक्कम्मांचा प्रश्न स्वतःला विचारावा.

शंका दुसरी. 'मी प्रयत्न केला आणि तरी अपयश आले. आता कोणत्या तोंडाने म्हणू की मला जमेल?'

समाधान : 'मला जमेल' असे म्हणण्याची सक्ती नाही. लक्कम्माही तसे म्हणाल्या नाहीत. 'आजचे वेचणे मी करीन' एवढेच म्हणावे. फळ गुहेश्वराच्या हाती, कायक आपल्या हाती. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला 'तू हुशार आहेस' हे शंभरदा सांगण्यापेक्षा, 'बाळ, आज हे एक प्रकरण आपण दोघी मिळून वाचू' असे आईने म्हणावे. पहिल्या वाक्यावर दुसरे मन लगेच वाद घालते. दुसऱ्या वाक्यावर वाद घालायला त्याला जागाच मिळत नाही.

शंका तिसरी. 'नेम पाळतो, पूजा करतो, तरी कित्येक आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगण्यात रस वाटत नाही. माझी भक्तीच खोटी काय?'

समाधान : नाही. भक्तीला बोल लावू नये. देहाला ताप येतो तसे मनही आजारी पडते, आणि त्यास उपचार आहेत. शरणांमध्ये वैद्य संगण्णा होते. रोग्याला औषध देणे हेच त्यांचे कायक. शरणांनी वैद्यकी ज्या मार्गात सामावून घेतली, त्या मार्गातल्या माणसाला डॉक्टरांकडे जाण्याची लाज कशाची? अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारने 2022 साली सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर ते घरात जवळच्या माणसापाशी त्याच दिवशी बोलावे, एकटे राहू नये. औषध आणि लिंगपूजा ही एकमेकांची शत्रू नाहीत.

महिन्याचे अनुष्ठान

पाठ वाचून मिटून ठेवण्यासाठी नसतो. पुढील चार गोष्टी एक महिनाभर कराव्यात.

1. सकाळी ठरलेल्या वेळी लिंगपूजा. विभूती धारण करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यावे, दृष्टी लिंगावर स्थिर करावी आणि पंचाक्षरी मंत्र सावकाश म्हणावा. मन पळेल. पळाले म्हणून खंत करू नये. ते ध्यानात आले की दृष्टी पुन्हा लिंगावर आणावी. वीस वेळा पळाले तर वीस वेळा आणावे. दुसऱ्या मनाला परत बोलाविण्याचा सराव हाच आहे. सकाळी तळहातावर जे साधते, तेच दुपारी दुकानात आणि कचेरीत कामी येते.

2. आजचे माप. पूजेनंतर उठण्यापूर्वी आज करावयाचे एक काम ठरवावे. ते एवढे लहान असावे की संध्याकाळपर्यंत निश्चित पुरे होईल. एक अर्ज लिहिणे, एका देणेकऱ्याला भेटणे, एक पान वाचणे. ठरविले तेवढे करावे. माप लहान असले तरी चालेल, पण ते रोज भरले पाहिजे. रोज भरलेले माप हाच मनाला मिळणारा खरा पुरावा. तो जमत गेला की आत्मशंकेची साक्ष आपोआप फिकी पडते.

3. जास्तीचे परत टाकणे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या काळज्या एका कागदावर लिहाव्यात. ज्यावर उद्या काही करता येईल तेवढ्यांपुढे ते काम लिहावे. ज्यांवर आपला काहीच इलाज नाही, त्या मारय्यांच्या जास्तीच्या तांदळासारख्या समजून जेथल्या तेथे सोडाव्यात. मुखाने 'हे माझ्या मापातले नाही' असे म्हणून कागद मिटावा.

4. दासोह. आठवड्यातून एकदा तरी, कितीही थोडा असो, दासोह करावा. परंपरा सांगते की याच मारय्या-लक्कम्मांनी वेचलेल्या तांदळावर असंख्य जंगमांना जेवणाचे आमंत्रण दिले आणि पंगत पुरी पडली. ज्या घरात जास्तीची मूठ ठेवली गेली नाही, त्याच घराला सर्वांना बोलाविण्याचे धैर्य झाले! 'माझ्यापाशी काही नाही' असे सांगणारे दुसरे मन दिल्याने गप्प होते. पैसा नसेल तर श्रम द्यावेत. मठात भांडी घासावीत, शेजारच्या म्हाताऱ्या आजींचे औषध आणून द्यावे, एखाद्या मुलाला गणित शिकवावे.

यासोबत एक सूचना घरातील मंडळींसाठी. मारय्यांचा संशय मारय्यांना दिसला नाही, लक्कम्मांना दिसला. त्यांनी तो दाखविला, पण पतीला हिणविले नाही. चार लोकांत बोभाटा केला नाही. काय करावे ते सांगून त्यांना परत जाऊ दिले. प्रत्येक घरात असे एक माणूस असावे, आणि त्याचे ऐकण्याएवढे मोठेपण दुसऱ्यात असावे. 'आम्ही पुरुष, आम्हांला बायकोने काय सांगावे' असे मारय्या म्हणाले असते तर तो सगळा नैवेद्य संशयाचाच झाला असता.

चिंतनासाठी प्रश्न

बुधवारच्या किंवा सोमवारच्या अनुभवगोष्ठीत पुढील प्रश्नांवर बोलावे.

अ. गेल्या महिन्यात 'उद्या मिळाले नाही तर' या भीतीने मी कोणती गोष्ट गरजेपेक्षा जास्त उचलली? तिचा वाटा कोणाचा होता?

आ. माझ्या दुसऱ्या मनाचे नेहमीचे वाक्य कोणते? ते मी प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले?

इ. माझ्या घरात लक्कम्मांचे काम कोण करते? मी त्या व्यक्तीचे ऐकतो काय?

तात्पर्य

काळ अनिश्चित आहे, आणि पुढेही तो तसाच राहणार. शरणांनी निश्चित काळाची वाट पाहिली नाही. मनोबल म्हणजे भीती न वाटणे नव्हे. भीती वाटत असतानाही आजचे माप एका मनाने भरणे, आणि जे मापाबाहेरचे आहे ते जेथल्या तेथे ठेवून घरी परतणे, हे मनोबल होय. मारय्या रिकाम्या हातांनी परतले नाहीत. त्या दिवसापुरते तांदूळ त्यांच्या पदरात होतेच. तेवढे शिजले, लिंगार्पण झाले, जंगमांचे पोट भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मारय्या पुन्हा वेचायला निघाले.

आपणही उद्या सकाळी तसेच निघू या.

शरणु शरणार्थी.